जिने बघायचे असतील तर मलंगगडावर या

हल्ली मोबाइलवर पर्यटनाच्या याद्या फार फिरतात. जगातले दहा सुंदर पूल, दहा सुंदर दरवाजे, दहा सुंदर जिने. जिन्यांची यादी आली की मी ती हमखास उघडतो. पण दर वेळी एक गोष्ट खटकते. फोटोतला जिना रिकामा असतो. कोणीतरी भल्या पहाटे, गर्दी व्हायच्या आत जाऊन तो फोटो काढलेला असतो. जी वस्तू माणसाच्या पायासाठीच बांधली, तिच्यावर एकही पाय दिसत नाही.

मराठीत पायरी हा शब्द साधा नाही. ‘आपली पायरी ओळखून राहा’ असं आपण कोणाला दटावतो. ‘पायरी सोडून बोलू नकोस’ असं ऐकवतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं तर घरोघरी सांगितलं जातं. या सगळ्यात पायरी म्हणजे दगड नाही. पायरी म्हणजे कोणाची जागा वर, कोणाची खाली आणि कोणाची बाहेर. भाषेने ही गोष्ट फार आधी ओळखलेली आहे. म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रवासात जिना बघायचा तर तो किती देखणा आहे हे नंतर बघावं. आधी बघावं की त्यावरून कोण जातं, कोणाला जाता येत नाही आणि कोणाला जाऊ दिलं जात नाही. ही कसोटी लावली तर आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या धुळकट पट्ट्यातले जिने बघण्यासारखे आहेत. त्यातली मलंगगडाची पायऱ्यांची वाट तर मी यादीत पहिली ठेवीन.

आधी त्या प्रसिद्ध याद्यांकडे वळू. त्यात रोमच्या स्पॅनिश स्टेप्स असतातच. 1725 साली पूर्ण झालेल्या या पायऱ्यांवर लोक पिढ्यानपिढ्या बसत, गप्पा मारत, उन्हं खात. 2019 पासून तिथे बसायला मनाई आहे आणि बसलात तर 400 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. राजस्थानातल्या आभानेरीची चांद बावडी असते. तिथे साधारण साडेतीन हजार पायऱ्या आहेत, पण त्या आता कठड्यापलीकडून बघायच्या. दगड जपायला हवा हे मान्यच आहे. तरी ज्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, टेकायचंही नाही, ती पायरी राहते की चित्र होते, हा प्रश्न उरतोच. याच याद्यांत रिओ द जानेरोचा सेलारोन जिनाही असतो. होर्हे सेलारोन या चिली देशातून आलेल्या कलावंताने 1990 साली आपल्या घरासमोरच्या मोडक्या पायऱ्यांवर फरशांचे तुकडे बसवायला सुरुवात केली. 215 पायऱ्या आणि साठाहून अधिक देशांतून आलेल्या फरशा. हा जिना मला आवडतो, कारण तो गल्लीतल्या लोकांचा रोजचा रस्ता होता आणि त्याची डागडुजी करता करता तो सुंदर झाला.

चांगला जिना ओळखायचा कसा? त्याचं एक जुनं गणित आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लाँदेल नावाच्या वास्तुतज्ज्ञाने माणसाच्या पावलाचं अंतर मोजून ते मांडलं. पायरीच्या उंचीची दुप्पट करा, त्यात पाऊल ठेवायच्या जागेची रुंदी मिळवा, बेरीज साधारण 60 ते 65 सेंटीमीटर आली पाहिजे. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 19 सेंटीमीटर आणि रुंदी कमीत कमी 25 सांगितली आहे. बेरीज करा, 63 येते. लोक मोठ्या संख्येने जमतात त्या इमारतींसाठी 15 आणि 30 सांगितली आहे. ती बेरीज 60. दुसरी गोष्ट याहून साधी आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंची पाठ होते, मग डोळे खाली बघत नाहीत. मध्येच एक पायरी बोटभर उंच निघाली की माणूस अडखळतो. तुमच्या इमारतीत सगळे एकाच पायरीवर अडखळत असतील तर लोकांच्या चालीला दोष देण्याआधी ती पायरी मोजून बघा.

आता अंबरनाथला या. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनीच्या काठी, शिवमंदिर आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तिथे आहे आणि शिलाहार राजा मम्वाणीचं नाव त्यात येतं. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम बघायला लोक दुरून येतात, तेही बघण्यासारखं आहेच. पण मला त्या मंदिरातला जिना जास्त विचारात पाडतो. आपल्याकडे पवित्र जागा म्हटली की वर चढायचं असं मनात पक्कं असतं. इथे उलट आहे. मंडपातून गाभाऱ्यात जायचं तर साधारण वीस पायऱ्या खाली उतरावं लागतं. नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ माणसं इथे उतरतायत. वर बघावं तर गाभाऱ्याच्या डोक्यावर आकाश. दगड पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, उतरताना प्रत्येकाला मान लववून, भिंतीचा आधार घेत, जपून जावं लागतं. कोणीही ताठ मानेने तिथे पोचत नाही.

हे बघताना मला आपल्याकडची एक रिवायत आठवते. हजरत जाबिर सांगतात की प्रवासात चढण लागली की आम्ही ‘अल्लाहू अकबर’ म्हणत असू आणि उतार लागला की ‘सुब्हानल्लाह’. बुखारी शरीफमध्ये ती आहे. मी मौलवी नाही, पण वाट चालणारा माणूस म्हणून मला यातून एवढं कळतं की चढताना माणसाच्या डोक्यात हवा जाऊ शकते, म्हणून तेव्हा आठवण ठेवायची की मोठा दुसराच कोणी आहे. आणि उतरणं म्हणजे हार नाही, तेव्हाही शब्द स्तुतीचेच आहेत. माझा एक हिंदू मित्र शिवमंदिराच्या पायऱ्यांवर मला म्हणाला होता, “आमच्याकडे एवढा विचार कोणी केला असेल की नाही माहीत नाही, पण उतरताना सगळे गप्प होतात बघ.” ते खरं आहे. वरच्या मंडपात चाललेल्या गप्पा पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत थांबतात.

बदलापूरलाही उतरायची जागा आहे. देवळोलीत जुनी पायविहीर आहे. मोटरपंप आणि नळ यायच्या आधी या पायऱ्यांवर घराघरांतल्या बायकांची वर्षं गेली. अशी विहीर बघायला गेलात तर तिच्या दगडांइतकाच विचार भरलेला हंडा घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या बाईचाही करा. उतरताना हंडा रिकामा आणि चढताना भरलेला, हा पायविहिरीचा खरा हिशेब आहे.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी आहे. ते गाव जिन्यांशिवाय सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बैठ्या बराकींत जागा मिळाली आणि 1949 साली या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतात. सगळं मागे टाकून आलेल्या लोकांच्या वाट्याला आली ती जमिनीलगतची खोली. मग कुटुंबं वाढली, धंदे वाढले आणि बराकींवर मजले चढले. जागा तेवढीच होती, म्हणून जिने उभे झाले. दुकानाच्या मागून जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल असा लोखंडी जिना उल्हासनगरात गल्लीगल्लीत दिसेल. त्यावरून जीन्सचे गठ्ठे डोक्यावर घेऊन कामगार दिवसभर चढउतार करतात. ब्लाँदेलचं गणित त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

हा जिना सुंदर नाही आणि मला त्याचं कौतुक करायचं नाही. पण तो बघायला हवा. कारण आग लागली किंवा स्लॅब खचला तर बाहेर पडायला अनेक इमारतींत तोच एक मार्ग असतो. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. घर घेताना आपण टाइल्स बघतो, किचन ओटा बघतो, हवा येते का ते बघतो. जिना किती रुंद आहे, त्यावरून खाट किंवा स्ट्रेचर उतरेल का, हे किती जण बघतात? आपल्या घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं की चौघांनी खुर्चीत बसवून त्याला खाली आणायची वेळ येते. जिन्याची किंमत तेव्हा कळते.

आमच्या भागातल्या माणसाचा सर्वांत जास्त संबंध येतो तो रेल्वेच्या पुलाच्या जिन्याशी. अंबरनाथहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस आयुष्यात या पुलांवर जितकं चढतो तितकं कोणी गिर्यारोहकही चढत नसेल. पुलाचा जिना नीट बघितला तर त्यावर अख्खं शहर दिसतं. धावणारे उजवीकडून, म्हातारे कठड्याला धरून, मध्यभागी मासळीची टोपली, कोपऱ्यात फुलवाली. बदलापूरच्या पुढच्या वांगणीत बरीच दृष्टिहीन कुटुंबं राहतात. त्यातले अनेक जण लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून पोट भरतात. पांढरी काठी पायरीच्या कडेला टेकवत ते चढतात तेव्हा पायऱ्या सारख्या हव्यात म्हणजे काय ते समजतं. आपण अडखळलो तर सावरतो. त्यांना शेवटच्या पायरीची कड सापडली नाही तर पुढे काय आहे ते कळायला मार्गच नसतो.

29 सप्टेंबर 2017 ची सकाळ मुंबईच्या प्रवाशांना विसरता येणार नाही. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर पावसामुळे लोक थांबले, मागून गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. ती कोणत्या डोंगरावर, कोणत्या यात्रेला निघालेली नव्हती. ती कामावर चालली होती. त्यानंतर तीन पूल बांधायला लष्कराला बोलावलं गेलं. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आमच्या कल्याणजवळचं आंबिवली. 2018 च्या फेब्रुवारीत ते खुले झाले. आंबिवलीला उतरलात तर तो पूल जरूर बघा. लोखंडाचा साधा पूल आहे, कोणत्याही यादीत येणार नाही. पण एका शहराला साधा जिना वेळेवर बांधता आला नाही आणि त्यासाठी फौज बोलवावी लागली, याची तो आठवण आहे.

त्याच लोकलने मुंबईला शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलात तर दोन जिने अगदी जवळजवळ बघता येतात. पहिला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जुन्या इमारतीतला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत 1888 साली पूर्ण झाली आणि 2004 साली युनेस्कोच्या यादीत गेली. घुमटाखालचा तिचा दगडी जिना एका बाजूने भिंतीत रोवलेला आहे, दुसऱ्या बाजूला खाली आधार नाही. पायऱ्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. रोज लाखो माणसं या स्टेशनातून जातात, पण तो जिना त्यांच्यासाठी नव्हता. तो साहेबांच्या कचेऱ्यांचा होता. शेजारच्या फलाटांवर गर्दी आणि भिंतीपलीकडे तरंगत्या पायऱ्या, हे दोन्ही एकाच इमारतीत आहे हे लक्षात ठेवून तो बघावा.

दुसरा जिना क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडे-पलीकडे विचारत गेलात की सापडेल. मुंबईची जामा मशीद 1802 साली पूर्ण झाली. ती कोकणी मुसलमानांनी बांधली आणि ती एका जुन्या तलावावर उभी आहे. आत गेल्यावर मध्यभागी पाणी, त्यात उभ्या असलेल्या काळ्या दगडाच्या कमानी आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. वुजू करायला माणसं त्या पायऱ्यांवर बसतात. बाहेर मुंबईतला सगळ्यात गजबजलेला बाजार, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या. आत चार पायऱ्या उतरलं की फक्त पाण्याचा आवाज. व्यापारी आणि त्याच्याकडचा हमाल एकाच पायरीवर बसून हातपाय धुतात. कोणी उठ म्हणत नाही. बिगरमुस्लिम मित्रांनाही मी सांगतो, नमाजाची वेळ सोडून जा, दारात विचारा, आणि बघा.

पाण्याकडे उतरणारी पायरी म्हटली की मला महाडला गेल्यावाचून राहवत नाही. चवदार तळ्याच्या पायऱ्या कोणी स्थापत्यासाठी बघायला जात नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळं सार्वजनिक होतं. गुरंढोरं पाणी पीत होती. माणसांतल्या काहींना मात्र त्या पायऱ्या बंद होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे सत्याग्रह परिषद भरवायची तर जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगायला हवी. पंढरपुरात विठ्ठलाच्या दारात नामदेवाची पायरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून संत नामदेवांनी ती जागा मागितली असं वारकरी सांगतात. तिच्यासमोरच चोखामेळ्याची समाधी आहे. नामदेवांनी पायरी होणं आपणहून निवडलं, चोखोबांना मात्र पायरीपलीकडे जाऊच दिलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच दारात आहेत.

आणि हे सांगताना आपण आपल्याकडे बघायचं नाही असं चालणार नाही. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात 2012 च्या सुमारास स्त्रियांना मजारपर्यंत जाणं बंद केलं गेलं. मुसलमान बायकाच त्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढल्या. 26 ऑगस्ट 2016 रोजी उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. चवदार तळ्याची गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्याने ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगावी. नाहीतर आपल्याला फक्त दुसऱ्यांच्या बंद पायऱ्या दिसतात असा त्याचा अर्थ होईल.

आता मलंगगड. कल्याण स्टेशनहून पायथ्यापर्यंत बस जाते, अंबरनाथच्या बाजूनेही रस्ता आहे. लोकलमधून जाताना दातेरी माथ्याचा जो डोंगर दिसतो तोच हा. वर पीरमाचीवर हाजी अब्दुर्रहमान मलंग यांचा दर्गा आहे. नाथपंथी भाविक त्याच जागेला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. पायथ्यापासून दर्ग्यापर्यंत दोन-अडीच हजारांवर पायऱ्या आहेत आणि माझ्यासारख्या माणसाला चढायला दोन तास सहज लागतात. त्याच्या वरचा बालेकिल्ला तर आणखी अवघड. 1780 साली कॅप्टन अ‍ॅबिंग्टनच्या इंग्रज फौजेने खालची माची घेतली, पण माथा मराठ्यांकडेच राहिला.

इथल्या पायऱ्या सारख्या नाहीत, हे आधीच सांगतो. कुठे सिमेंटच्या, कुठे दगडी, कुठे मातीत रुतलेल्या. दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत. लिंबू सरबत, काकडी, हार-फुलं, चादरी, अगरबत्ती, नारळ. पायऱ्यांच्या कडेने माणसं राहतात, मुलं त्याच पायऱ्यांवरून शाळेला उतरतात. उचलून नेणारे डोलीवाले आहेत. माझ्या अम्मीला मी एकदा डोलीतून वर नेलं. तिला त्या माणसांच्या खांद्यावर बसायची इतकी लाज वाटत होती की ती अर्ध्या वाटेपर्यंत त्यांना ‘बेटा, थांबा, दम घ्या’ एवढंच म्हणत राहिली. चढणाऱ्यांत कपाळावर टिळा लावलेले असतात, डोक्यावर टोपी घातलेले असतात, सिंधी कुटुंबं असतात, आगरी-कोळी बायका असतात, नवस फेडायला आलेली नवी जोडपी असतात. कोणाला दम लागला की शेजारचा पाण्याची बाटली पुढे करतो. पाणी देताना कोणी नाव विचारत नाही.

या जागेचा वाद जुना आहे. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याची हकीकत आहे. अठराव्या शतकाअखेरीस कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याने इथली व्यवस्था पाहिली. 1817 साली त्यावरून तक्रार झाली. बाबांची इच्छा काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं ठरलं आणि तीनही वेळा चिठ्ठी काशिनाथपंत केतकरांच्या बाजूने निघाली. 1954 साली एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की हे स्थान मिश्र स्वरूपाचं आहे, त्याला फक्त हिंदू किंवा फक्त मुस्लिम कायदा लावता येणार नाही, त्याची स्वतःची रूढी किंवा विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदाच लागू होईल. इतकं स्पष्ट असूनही 1980 च्या दशकापासून ‘मुक्ती’ची भाषा सुरू झाली. माघ पौर्णिमेला घोषणा होतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो. निवडणुका आल्या की डोंगराचं नाव जोरात घेतलं जातं.

माझं निरीक्षण एवढंच आहे की वाद माथ्यावर आहे, पायऱ्यांवर नाही. वर पोचल्यावर कोणी बाबा म्हणतो, कोणी नाथ म्हणतो. त्यावर भाषणं होऊ शकतात. पायऱ्यांवर मात्र सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, सावली आणि दोन मिनिटं बसायला जागा. दोन तास एकमेकांच्या पुढेमागे चढलेली माणसं एकमेकांची मुलं धरतात, पिशव्या धरतात. मिश्र संस्कृती हा शब्द परिसंवादांत फार वापरला जातो. ती कशी दिसते हे बघायचं असेल तर सातशेव्या पायरीच्या आसपास कुठल्याही सरबताच्या टपरीवर बसा.

म्हणून या वाटेचं पुढे काय होतं याची मला काळजी आहे. फ्युनिक्युलर रेल्वेचं काम इथे कित्येक वर्षं चाललं आणि तिचे रूळ डोंगर चढले. दोन तासांची चढण त्यामुळे काही मिनिटांवर येते. मी तिच्या विरोधात नाही. बाबांकडे जायला गुडघे धडधाकट असण्याची अट कोणी घातली? म्हातारे, अपंग, गरोदर बायका, डोंगरावर राहणारे आजारी लोक, या सगळ्यांचा वर जायचा हक्क तितकाच आहे. डोलीवाल्याच्या खांद्यावर माणूस बसवणं ही काही जपण्यासारखी परंपरा नाही. पायऱ्यांचं गुणगान करून रेल्वेला नावं ठेवणारे बहुतेक वेळा स्वतः तरुण असतात, किंवा त्यांना वर जायचंच नसतं.

पण दुसरा धोका खरा आहे. रेल्वे आली की पायऱ्यांकडे बघणं बंद होतं. निधी रुळांकडे जातो. दिवे गेले तर कोणी बदलत नाही. टपऱ्या ओस पडतात, मग पाणी मिळत नाही, मग कोणी चढत नाही, आणि काही वर्षांनी ‘आता कोण पायऱ्यांनी जातं’ असं म्हणून वाट सोडून दिली जाते. तिकिटाच्या पैशांचा विचार करणाऱ्या गरिबाला मग ना धड रेल्वे, ना धड पायऱ्या. आणि दोन समाजांना एकमेकांच्या शेजारी दमायला लावणारी जी थोडी ठिकाणं उरली आहेत त्यातलं एक जातं. डब्यात माणसं काही मिनिटं शेजारी बसतात, पण मोबाइलमध्ये बघत.

असं व्हायलाच हवं असं नाही. रायगडावर 1996 पासून रोपवे आहे, तरी आजही शेकडो लोक पायऱ्यांनी चढतात, कारण त्या वाटेला लोकांच्या मनात मान आहे. मलंगगडालाही हे जमू शकतं. त्यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. पायऱ्यांची उंची शक्य तिथे सारखी करावी. संपूर्ण वाटेवर कठडा आणि दिवे असावेत. ठरावीक टप्प्यांवर पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असावं. वाटेवरच्या दुकानदारांना आणि डोलीवाल्यांना रेल्वेच्या कामांत आणि खालच्या-वरच्या बाजारात आधी जागा मिळावी. डोंगरावर राहणाऱ्यांना प्रवास सवलतीत असावा. या मागण्या करताना टिळा आणि टोपी दोन्ही एका निवेदनावर दिसले तर उत्तमच. कठडा हवा यावर कोणाचं दुमत असणार आहे?

तर मंडळी, दिवाळीच्या किंवा ईदच्या सुट्टीत कुठे जायचं ठरवत असाल तर या पट्ट्यासाठी दोन दिवस राखा. एका दिवशी अंबरनाथच्या गाभाऱ्यात उतरा, उल्हासनगरच्या बराकींतून फिरा, लोकलने जाऊन जामा मशिदीच्या पाण्याशी बसा. दुसऱ्या दिवशी पहाटे मलंगगड. पायात चांगली चप्पल, जवळ पाणी, आणि सोबत शक्यतो वेगळ्या धर्माचा एक मित्र. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रेल्वेने वर जावं, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी पायऱ्यांनी जावं. सरबत प्याल तिथे दुकानदाराला रेल्वेने त्याच्या धंद्याचं काय होईल असं वाटतं ते विचारा, आणि खाली उतरल्यावर ते चार लोकांना सांगा.